ठिपक्यांचे दाणे

३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईच्या चवळीची पुडी पोचली. इथल्या बियाणे-केंद्रात मीच मोजली. शंभर दाण्यांचं वजन चौदा ग्रॅम, सगळे पांढरे, डोळा काळा. आमच्याकडचा एकतिसावा वाण हुबेहूब असाच आहे. मग आईचा वेगळा कसा म्हणायचा? तिच्या डब्यात तर ठिपक्यांचे, तांबूस, लांबट, सगळे एकत्र नांदायचे. वीस तारखेपर्यंत वेगळेपणा दाखवता आला नाही, तर यादीतून तिचा वाण खोडतील. तू निवडून तर पाठवली नाहीस ना? तसं आयुष्यात कधी स्वतःचं ताट उचललं नाहीस, तरी विचारते.

जेवत जा. उत्तर लगेच टाक.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवडूनच पाठवली. तू 'स्वच्छ बियाणं पाठव' लिहिलं होतंस. आईची वस्तू चार जाणत्या माणसांपुढे जायची, म्हणून चष्मा लावून दोन दिवस बसलो. चाळली, देखणे दाणे तेवढे घेतले. ठिपक्यांचे, वेडेवाकडे शिजवून खाल्ले. मीठ घातलं की नाही, आठवत नाही. ती गेल्यापासून कशाचीच चव लागत नाही. आता डबा उपडा करून पाहिला, काही नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

रागाव, पण लिहीत राहा.
तुझा धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काल खोडला. रेघ मलाच मारायची होती, पट्टी लावून मारली. रडू आलं नाही. आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चहा दिला, तो प्यायले. तुझ्यावर रागवायचं ठरवलं होतं, तेही जमेना. 'स्वच्छ' हा शब्द माझाच होता.

माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चाळणी महिनाभर तशीच पडली होती. आज धुवायला घेतली, तर एका भोकात ठिपक्यांचा दाणा अडकलेला. मोजायला शंभर लागतात, ठाऊक आहे. एकच आहे. कुंडीत लावला. ऊन लागेल म्हणून आईच्या खोलीची खिडकी उघडली, ती गेल्यापासून पहिल्यांदाच. पाणी घालताना कुणीतरी रडतंय असं वाटलं. मीच होतो.

उगवलाच, तर या खेपेला निवडणार नाही. लोभ ठेव, आणि मोजायला तू ये.
तुझा धाकटा