एका नंबराच्या आम्ही सगळ्या

वडनेर भोलजी, गुरुवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. शेजारच्या अनुसयाबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन दवाखान्यात गेलो, तर त्यांचं नावच नाही! मागच्या महिन्यात होतं. मधल्या काळात सगळ्या नोंदी जुन्या डेटाबेसमधून नव्यात हलवल्या, आणि हलवणाऱ्या इंजिनिअरने मोबाइलच्या रकान्याला ‘युनिक’ची अट घातली. एका नंबरावर एकच पेशंट. आमच्या आळीतल्या सगळ्या बायांनी माझाच नंबर दिलेला, कारण फोन मी उचलतो. रुकय्या आपांची नोंद पहिली, म्हणून ती राहिली. बाकीच्या गळाल्या. युनिक म्हणजे अद्वितीय; हे विशेषण आम्ही संस्कृतवाल्यांनी ब्रह्मासाठी राखून ठेवलं होतं. आता माझा नंबरही त्या पंगतीत.

दवाखान्यातच बसलेला तो इंजिनिअर अनुसयाबाईंना म्हणतो, “आजी, दुसरा कुठलाही नंबर सांगा, लगेच नाव चढवतो.”

“कोनाचाबी? मंग निरोप त्याले जाईन ना रे बाबू! मोतीबिंदू मले झाला का फोनले?”

कुठलाही नंबर! म्हणजे खोटा नंबर चालेल, खरी बाई चालणार नाही. ही कसली शुद्धता? अट काढेपर्यंत मी त्याच्यासमोरून हललो नाही. काढली शेवटी, तोंड वाकडं करून. गळालेल्या नोंदी परत भरल्या.

आत्ता फोन वाजला. “अनुसयाबाई बोलता का? उद्या सकाळी डोक्यावरून अंघोळ करून या.”

“हो, येते,” म्हटलं, आणि चपला न घालताच त्यांच्या दाराशी गेलो.