खुंटीवरचा अडुळसा

२४ ऑक्टोबर १९६८
पुदिना गेला. जाऊ दे. दोन वर्षं नुसतं पाणी ढोसत होता. गच्चीवरच्या आठ कनस्तरांत, तेलाच्या रिकाम्या डब्यांत, अडुळसा तेवढा कामाचा. पानं खुडून सावलीत पसरली. उन्हात वाळवली की सत्त्व जातं — प्रमोदिनीला सतरा वेळा सांगितलं. सून ऐकते, करत नाही.
हा पाला भोपाळला जायचा, गजाननकडे. माझा धाकटा. सहा महिने दवाखान्यात पडलाय, खोकला हटत नाही. लग्न नको म्हणाला, आता खाटेशी संसार! पत्रात लिहितो — 'आई, काढा संपला. तुझ्या बोलण्याहून कडू आहे, तरी पाठव.' चावट!

२६ ऑक्टोबर
रमाकांत, थोरला, दुपारीच ऑफिसातून घरी. तोंड पांढरं. 'भोपाळला जाऊन येतो. गजाननला बघतो.' जेवला नाही. सूनबाईशी दाराआड कुजबुज. संध्याकाळच्या गाडीनं गेला — आणि अडुळशाचं पुडकं खुंटीवरच! मी बांधून, डोळ्यांसमोर टांगून ठेवलेलं. रेल्वेत पार्सलं सांभाळतो म्हणे!
श्रावणात माझ्या छातीत कळ आली तेव्हापासून हे लोक मला काही सांगत नाहीत. दुधाचा भाव वाढला तरी लपवतात.

२७ ऑक्टोबर, रविवार
तुळस सुनेची, बाकी सगळं माझं — ती लग्न होऊन आली तेव्हापासूनची वाटणी. आज तुळशीला पाणी नाही, दिवा नाही. माझ्या सकाळच्या काढ्याला दोन पानं खुडून देते, तीही नाहीत. 'मी बाहेरची आहे, आई.'
दिवाळीच्या तोंडावर तर चार दिवस बसली होती! म्हटलं, डॉक्टरकडे जा. रडायलाच लागली. अगं, डॉक्टरकडे जा म्हटलं, विहिरीत जा नाही म्हटलं!
चूल माझ्या गळ्यात.

२९ ऑक्टोबर
ओवा पेरला. भोपाळहून काही नाही.

३१ ऑक्टोबर
सून न्हाली, चुलीशी आली. तुळशीकडे मात्र फिरकत नाही! शेजारची शारदा येऊन पाणी घालून गेली. 'वहिनींची कंबर दुखते ना, काकू.' कंबर दुखते आणि भरली घागर उचलते?
हे गेले तेव्हा शारदाच पाणी घालायची. सुतकाचे दहा दिवस. तेव्हा कारण होतं. आता काय धाड भरली?

१ नोव्हेंबर
रमाकांतचं कार्ड. 'गजानन ठीक आहे. तुझा काढा घेतो.'
कुठला काढा? पुडकं माझ्या नाकासमोर लटकतंय!
सुनेला विचारलं. 'जुना उरला असेल, आई.' संपला म्हणून त्यानंच लिहिलं होतं की. तिला पत्र काढून दाखवलं. तिनं वाचलं नाही, पदरानं तोंड पुसलं. धूर म्हणे. चूल पेटलेली नव्हती.

२ नोव्हेंबर
बारस. गल्लीत ऊसवाला ओरडला — 'अम्मा जी, गन्ना ले लो, तुलसी जी के ब्याह का!' मी उठेपर्यंत सुनेनं हाकलला. 'नहीं चाहिए, भैया.' मला म्हणाली, 'तुळशीचं लग्न पौर्णिमेला लावू.' या घरात आजवर बारशीलाच लागलं. भांडायला गेले तर ती भांडेना. तेच बरं नाही वाटलं.

३ नोव्हेंबर
झोप नाही.

५ नोव्हेंबर, पौर्णिमा
सून पहाटे डोक्यावरून न्हाली. घरातली अंथरुणं-पांघरुणं सगळी धुतली. मग तुळशीला पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ऊस बांधला. शारदा आली, लग्न लागलं. अक्षता मीही टाकल्या. मग ओव्याच्या कनस्तरापाशी बसले आणि बोटांवर मोजलं. सव्वीस तारखेपासून कालपर्यंत.
दहा.
परत मोजलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण दहापर्यंत चुकत नाही.
पुडकं रमाकांत विसरला नव्हता.
ओवा उगवलाय. कुणाच्या पोटासाठी कोण जाणे.

६ नोव्हेंबर
पुडकं खुंटीवरून काढलं, दूधवाल्याच्या बायकोला दिलं. तिलाही खोकला आहे.
प्रमोदिनीनं काढ्यासाठी दोन तुळशीची पानं आणली. परत दिली. म्हटलं, 'मला दहा दिवस चालायची नाहीत.'
ती पानं मुठीत धरून माझ्याजवळ बसली. म्हणाली, 'आई... उशिरा कळलं तर सुतकाचे तीनच दिवस असतात.'
म्हटलं, 'असतील. मी दहा धरणार.'