उरलेले दोन बॉल

प्रिय दादा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. नेहमीसारखं बाबांना मैदानावरच वाचून दाखवलं. तू मजेत आहेस, तिकडेच गोदामात काम लागलंय, सुट्टी नाही म्हणून येता येत नाही. बाबा रोलरला टेकून ऐकत होते. म्हणाले, ‘पुन्हा वाच.’ मी पुन्हा वाचलं.

इकडची बातमी म्हणजे लीग सुरू होतेय. पुढच्या रविवारी, तीन वर्षांनी. लष्कराच्या गाड्या उभ्या राहून पिचवर ही खोल चाकोरी पडली होती. बाबांनी चार महिने माती भरली, पाणी मारलं, रोलर ओढला. मदतीला कुणाला तरी घ्या म्हटलं, तर म्हणाले, ‘तू बी.ए. झालीस ना, मग मातीचं मला सांगू नकोस.’

मंडळाने ठरवलंय, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजून अर्धवट राहिलेली मॅच आधी पुरी करायची, थांबली होती तिथूनच. स्कोअरबुक मी युद्धभर पिठाच्या डब्यामागे जपलं होतं. पोस्टाच्या टीमला नऊ धावा हव्यात, शेवटची जोडी खेळतेय. मॅचची शेवटची ओव्हर तुझी, तिचे चार बॉल झालेत, पुढची दोन घरं कोरी. समोर तोच पोस्टमन. आपला कप्तान म्हणतो, त्याचं पोट इतकं सुटलंय की बॉलरला स्टंप दिसायचे नाहीत.

हा कप्तान नळांची कामं सोडून दोनदा येऊन गेला. उरलेले दोन बॉल कोण टाकणार, ते नाव स्कोअरर म्हणून मला मंडळाला कळवायचं होतं. मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले, ‘ओव्हर त्याची आहे. तोच पुरी करील.’ मी स्कोअरबुक मिटून ठेवलं.

मला खोटं बोलता येत नाही म्हणून तू चिडवायचास. सहा महिन्यांत चांगलीच तयार झालेय. इस्पितळातून तुझं पहिलं पत्र आलं, तेव्हाच मला समजलं. मला स्कोअर लिहायला तूच शिकवलंस. तुझा चार आणि तुझा सात मी कुठेही ओळखीन. पत्रावरची तारीख तुझ्या उजव्या हाताची नव्हती. दुसऱ्या पत्रात अक्षर जरा सावरलं, तिसऱ्यात आणखी. तू काही लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही. बाबांना वाचता येत नाही हे बरंच आहे, असं मला वाटू लागलं. गल्लीतल्या बायकांना रोज संध्याकाळी अक्षरं शिकवणाऱ्या मला. फार लाज वाटली, दादा.

काल घरी आले तर बाबांनी तुझी सगळी पत्रं टेबलावर ओळीने मांडलेली. तू इस्पितळात जाण्याआधीची एकीकडे, नंतरची दुसरीकडे. म्हणाले, ‘वाचता येत नाही म्हणजे दिसत नाही होय? गवत कुठल्या अंगाला वाकलंय ते बघण्यात जन्म गेला माझा. ह्याची अक्षरं उलट्या अंगाला वाकलीत.’ मग विचारलं, हात आहे की नाही. मी म्हटलं, ठाऊक नाही. ते उठून मैदानावर गेले. थोड्या वेळाने मी जाऊन बघते तर स्कोअररच्या टेबलाशी माझ्या खुर्चीशेजारी त्यांनी दुसरी खुर्ची आणून ठेवली होती. ती डगमगत होती, म्हणून तिच्या एका पायाला लाकडाची चकती ठोकत बसले होते.

म्हणून हे पत्र. तुझं काय झालंय ते तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, नाही वाटलं तर नको. बॉल कप्तान टाकील, त्याचं नाव मी आज सकाळी कळवलं. बाबांना तसं सांगितलं, तर मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाले, ‘ओव्हर त्याची आहे.’ तेव्हा ती दोन कोरी घरं तू भरायची आहेत, डाव्या हाताने. तुझं डावं अक्षर मला आता नीट लागतं. शनिवारच्या गाडीने ये. पेन्सिल टोक काढून ठेवलीय, स्कोअरबुकच्या डाव्या बाजूला.

तुझ्या खुर्चीवर कुणाला बसू न देणारी, तुझीच
ढापणी