हाडातला स्क्रू

सारसोळे

प्रिय शर्मिला,

शेजारच्यांच्या फोनवर बोलता आलं असतं, पण मी रिसिव्हर उचलला की त्यांचं सगळं घर गप्प होऊन ऐकतं. म्हणून लिहिते. चौथीत शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर, सांभाळून वाच.

तुझे बाबा बरे हायत. होडीला रंग झाला. नारळी पुनवेला सगळ्या बाया गायल्या, नाचल्या, मी पदर तोंडावर धरून कडेला उभी. पुढचाच दात नाही, गाणार कशी? थांबणं मला जमत नाही हे तुला माहीत हाय. भात चढवला की शिजेपर्यंत दहादा झाकण काढते.

शिमग्याआधी जावईबापूंनी, अभयरावांनी, त्यांच्या दातांच्या कॉलेजात माझ्या हाडात दाताचा स्क्रू बसवला तेव्हा मला कळलंसुद्धा नाही, इतका हलका हात. तेव्हाच बजावलं होतं, आई, हाड याला धरेपर्यंत हात लावायचा नाही, मग मी ठोकून, हलवून बघेन, पक्का असला तरच वर दात. तोवर घालायला खोटा दात दिला. बाजारात गिऱ्हाइकावर ओरडले की तो सुटून टोपलीत पडायचा. दिला डब्यात टाकून.

परवा कॉलेजात तपासायला गेले. त्यांचे मोठे सर होते, शिकणारी पोरं होती. अभयरावांनी आरशाच्या दांडीनं शेजारच्या दातावर ठोकलं, टण वाजलं. स्क्रूवर ठोकलं तर ओल्या लाकडासारखं बद्द. दोन दांड्यांमध्ये धरून पाहिला, तर हलला. सर सगळ्यांसमोर बोलले, भोक मोठं पाडलंस, घाई केलीस. अभयरावांनी मान खाली घातली. म्हणाले, “माझंच चुकलं असेल, सर.” आणि मी खुर्चीत आडवी पडल्या पडल्या म्हणाले, “मला वाटलंच होतं, पोराचा हात कच्चा हाय.” पोरं हसली.

काल तू फोनवर सांगितलंस, सरांनी पुढचा पेशंट दुसऱ्याला दिला, अभयराव नीट जेवत नाहीत. मी नुसतं हं हं केलं. तुला वाटलं असेल, आपल्या आयला काय त्याचं.

शर्मिला, त्यांचं काही चुकलेलं नाही. खाडीत डोल जाळं लावायच्या आधी तुझे बाबा रोवलेल्या खुंट्याला दोर बांधून होडीतून ओढून बघतात, हलला तर अजून ठोकतात. मी तेच केलं. शिमगा होऊन थोडेच दिवस झाले होते. हिरडीतून वर आलेल्या स्क्रूच्या त्या टोपणाला जाळ्याचा दोरा बांधला आणि ओढला. हलला नाही, तर अजून जोरात ओढला. मग हलला. खुंटा ठोकून बसवता येतो, हा कसा बसवणार? दोरा चुलीत टाकला नि गप्प बसले. खुर्चीत मला सगळं आठवत होतं, तरी तोंडातून ते हात कच्चा असल्याचं निघालं. सोमवारी कॉलेजात जाऊन त्या पोरांसमोरच सरांना सांगते. परक्या माणसाला सांगता येईल मला. अभयरावांसमोर उभी राहून नाही सांगता येणार, म्हणून हे पत्र. ते जेवायला बसतील तेव्हा त्यांना वाचून दाखव. मला दात नको, पण त्यांना म्हणावं, पोटभर जेवा.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
आय