वेधशाळेच्या बाईंची बहीण

तीर्थरूप ताई,

(तीर्थरूप म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम.) वाकून नमस्कार, तुझे पाय इथून दिसत नाहीत, तेव्हा अंदाजानेच. कंबर कशी आहे? पेशंट उचलून उचलून तूच एक दिवस खाटेवर पडशील, असं आई म्हणते. रविवारी तिच्या फोनवर आपण पाच मिनिटं बोलतो, त्यातली तीन ‘ऐकू येतंय का’मध्ये जातात, आणि बाबा आंघोळ करून बाहेर यायच्या आत सगळं उरकायचं असतं. म्हणून हे पत्र.

तर, मला बक्षीस मिळालं. दुसरं. फसवणूक म्हण हवं तर, पण मुद्दाम केलेली नाही.

टेकडीवरच्या जुन्या वेधशाळेत शंभर वर्षांपूर्वी एक बाई एकट्या राहून वारा-पाऊस मोजायच्या, आठवतं ना? त्यांच्या नावाने वाचनालयाने अठरा ते पंचवीस वयाच्यांसाठी लेखनस्पर्धा ठेवली: बाईंनी घरी लिहिलं असतं असं एक पत्र लिहा. बाबा वजनकाटे दुरुस्त करणारे. तीस वर्षांत एक नोंद न चुकवणारी बाई म्हणजे त्यांचं दैवतच. ‘तू लिही,’ म्हणाले. (तू गेल्यापासून ते कुणाशी फारसं बोलत नाहीत, त्यामुळे दोन शब्द मिळाले तरी मी लगेच हो म्हटलं.) पण मी पडले झेरॉक्सच्या दुकानात कामाला, आणि झाडून सगळे स्पर्धक छापायला आमच्याचकडे. चाळीस पत्रं वाचली. अडतीस पत्रांत बाई खिडकीतून ढगांकडे बघत उसासे टाकत होत्या. पुढे मी लिहायला बसले की माझ्याही बाई उठून खिडकीकडे जायच्या. ओढून आणलं तरी पुन्हा तिथेच.

वैताग आला की मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुला पत्र लिहायची. पाठवायचं नव्हतंच ते. शेवटच्या दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड, मालक मानेवर बसलेले. घाईघाईत भलताच कागद पाकिटात गेला.

बक्षीससमारंभात परीक्षक म्हणाले, ‘बाईंना बहीण नव्हती. तरी लेखिकेने ती दिली, हे धाडस!’ मी टाळ्या वाजवत होते, ही कोण धाडसी बया म्हणून. पत्रातल्या कुकरच्या शिट्ट्यांना त्यांनी ‘काळाची जाणीवपूर्वक मोडतोड’ म्हटलं आणि माझं नाव पुकारलं. प्रत्येक विजेत्याने आपलं पत्र वाचून दाखवायचं होतं. कागद हातात आला, पहिली ओळ बघितली, तर ते तुला लिहिलेलं पत्र. तिसऱ्या रांगेत आई-बाबा. बाबा इस्त्रीच्या शर्टात.

वाचलं. तुझ्या पलंगावर मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवते, कारण पलंग रिकामा दिसला की मला खोलीत बसवत नाही, हे वाचलं. ‘ती नोकरी धरलीस तर परत येऊ नकोस’ असं बाबा रागात बोलले आणि नंतर तीन दिवस एकच काटा खोलून बसले, तो मुळात बिघडलेलाच नव्हता, हेही वाचलं. आई चष्मा पुसत होती. बाबा समोरच्या माणसाच्या टकलाकडे एकटक बघत होते. टाळ्या खूप पडल्या.

आई मागे शेजारणींत अडकली. मी आणि बाबा पुढे चालत निघालो. पूल आला. मग म्हणाले, ‘त्या बाईंची बहीण शेवटी आली का गं परत?’

‘इतिहासात नोंद नाही, बाबा.’

पूल संपला. मग म्हणाले, ‘कुणी बोलावलंच नसेल तिला.’ आणि चपलेची नाडी बांधायला खाली वाकले. चपलेला नाडी नसते, ताई. मी दुसरीकडे बघितलं.

तुझी,
बक्षीसपात्र धाकटी

ता.क. बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला. शुद्धलेखनाचे पाच गुण कापले होते, त्यामुळे टोमणाच असावा. तुला लिहिलेलं ते पत्र सोबत जोडलं आहे, परीक्षकांच्या लाल खुणांसकट.

ता.क. दुसरा. तुला सुट्टी कधी मिळते ते उलट टपाली कळव. हे मी विचारत नाहीये. पाकिटावर पत्ता लिहायला बाबांनी माझ्या हातातून पेन घेतलं. मी पत्ता सांगायला तोंड उघडलं, तर त्यांना घरक्रमांकासकट पाठ.