कूलर आणि बंद खिडकी

वाडी, नागपूर
१९ एप्रिल

प्रिय भावना,

जय भीम. जावईबापूंची कंबर आता कशी आहे? रोशनचा दात पडला की अजून हलतोच आहे? तुझ्या सासूबाईंची शुगर? आणि तुझा घसा? त्याची चौकशी शेवटी केली, कारण रागावलो आहे मी त्याच्यावर.

तुझा मुलांचा विज्ञान पॉडकास्ट आम्ही दोघांनी ऐकला. तुझ्या आईने कुकर बंद करून ऐकला. विषय कूलरचा! चाळीस वर्षं मी ज्यांच्या मोटरी दुरुस्त केल्या, त्यांची गोष्ट आपली पोरगी सांगते म्हणून छाती फुगली होती. आणि तू काय सांगितलंस? खिडक्या-दारं घट्ट लावा, म्हणजे थंडावा पळत नाही! अगं, तो काय फ्रीज आहे? ओल्या हवेला बाहेर जायला वाट नको? कोणाला विचारून बोललीस?

शेजारच्या खोलीतली सोनिका पाचवीत आहे. तिने तुझं ऐकून करूनच पाहिलं. एक दुपार खिडकी बंद, एक दुपार उघडी. भिंतीला माझा जुना तापमापक. कूलर दोन्ही दिवस चालू; खिडकी उघडी असताना काटा तीन अंश खाली. वही घेऊन शाळेत गेली, तर सर म्हणाले, एवढ्या शिकलेल्या बाई चुकतील, अन् तू शहाणी? ते दर शनिवारी वर्गात तुझाच भाग लावतात ना! आता पोरं तिला ‘खिडकीबाई’ म्हणून चिडवतात. दारात उभी राहून म्हणाली, “आबाजी, म्या डोळ्यानं पाह्यलं, ते खोटं काहून?” त्या दिवसापासून एकही प्रश्न घेऊन आली नाही. आधी रोज तीन आणायची.

मी तणतणत होतो. तुझी आई भाकरी थापता थापता म्हणाली, “एवढे काहून भडकून राहिले जी? तिले हे सांगितलं कोणं?”

आणि मला आठवलं. तू आठ वर्षांची होतीस. अमरावती रोडच्या ट्रकांचे हॉर्न मला दुपारची झोप घेऊ देत नव्हते, म्हणून मी खिडकी लावली. तू काहून, काहून करत मागे लागलीस. तुला गप्प करायला म्हटलं, थंडी पळते. तू बापाचं ऐकलंस आणि तीस वर्षं जपून ठेवलंस. म्हणून हे पत्र, पोरी. पुढच्या भागात सोनिकाचं नाव घेऊन सांग की ती बरोबर होती. चूक कोणाची, ते मी माझ्या आवाजात बोलून पाठवतो; त्यातला एक शब्द कापू नकोस. पोस्टाला उशीर होईल, म्हणून या कागदाचा फोटोच पाठवतो आहे. शनिवारच्या आत दोन ओळी लिही. सोनिकाला दाखवायच्या आहेत.

तुझाच,
बाबा