सिद्धनाथचे रंधा मशीन पूनमने न्यावे

मी, मायाप्पा गुंडा सुतार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा सुतारकाम, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार शेळगी, सोलापूर, सत्य स्मरून लिहून ठेवतो की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, अक्षर माझेच आहे, आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकण्याचा प्रयत्न झाला. तो मी मानला नाही.

वकिलांनी या मृत्युपत्राचा मसुदा करून दिला होता. मसुदा नीट होता. परंतु माझ्या शेडमधील रंधा मशीन त्यांनी "इतर किरकोळ जंगम वस्तू" या सदरात घातले होते. ज्या वस्तूपायी हे मृत्युपत्र करावे लागत आहे, तिला किरकोळ म्हणणे मला मान्य नाही. म्हणून मसुदा साभार परत करून हा मजकूर मी स्वहस्ते लिहीत आहे.

कलम १. माझी पत्नी सिद्धेश्वरी पूर्वीच वारली. मला दोन मुलगे. थोरला शिवयोगी कुर्डुवाडीस रेल्वेच्या कारखान्यात नोकरीस आहे. धाकटा सिद्धनाथ माझ्याबरोबर सुतारकाम करीत असे. तो गेल्या वर्षी काविळीने वारला. त्याची पत्नी पूनम माझ्याजवळ राहते. त्यांना मूलबाळ नाही. मृत्युपत्र बापाने लिहावे व मुलाने वाचावे, असा क्रम आहे. आमच्या घरी तो मोडला.

कलम २. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते शिवयोगीस द्यावे. पूनमला जोपर्यंत तेथे राहावयाचे असेल तोपर्यंत तिला कोणी ऊठ म्हणू नये. बँकेत जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे व उरलेले शिवयोगी व पूनम यांनी निम्मेनिम्मे घ्यावे. याहून अधिक या विषयावर लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही.

कलम ३. माझा हाताचा शिसवी रंधा, पटाश्या, करवती व गुण्या शिवयोगीस द्याव्यात. तो त्या वापरणार नाही, हे मला ठाऊक आहे. लहानपणी रंध्यातून निघालेल्या लांब भेंडोळ्या तो कानात अडकवून फिरत असे आणि मी त्याला रागवत असे. तरी द्याव्यात.

कलम ४. वखारवाले बापूसाहेब यांनी मला एकदा ओले सागवान सुके म्हणून दिले. दार पिळले, गिऱ्हाईकाने नाव माझे घेतले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. त्यांनी माझ्या अंत्ययात्रेस अवश्य यावे. मात्र तिरडीचे बांबू त्यांच्या वखारीतून आणू नयेत.

कलम ५. आता मशीनविषयी.

हे मशीन फळीची जाडी सारखी करण्याचे आहे. दोन माणसांना उचलून नेता येते, आणि त्याच कारणासाठी सिद्धनाथने ते घेतले. गिऱ्हाईकाच्या घरी नेऊन तिथल्या तिथे काम करता येईल, असे त्याचे म्हणणे होते. ते शेडमध्ये आले त्या दिवशी मी त्याकडे पाठ करून बसलो. मी हयातभर हाताने रंधा मारला आहे. वीज लावून कोणी माझ्यापुढे जाईल हे मला सोसवले नाही. सिद्धनाथ हसून म्हणाला, "आण्णा, तुमचा रंधा सरळ करतोय, माझा सारखं करतोय. दोघं मिळून एक दार होतंय की."

त्याचे म्हणणे खरे होते. या मशीनमधून पिळलेली फळी घातली तर पिळलेलीच बाहेर येते, केवळ पातळ होऊन येते. आधी एक बाजू हाताने सरळ करावी लागते. ती मी करू लागलो. मी एक बाजू सरळ करून देई, तो फळी आत घाली, आणि पूनम पलीकडे उभी राहून बाहेर येणारे टोक झेली. सून शेडमध्ये उभी राहते म्हणून आमच्या भाऊबंदांत बोलणे झाले. मी ऐकले नाही असे दाखवले.

सिद्धनाथ गेल्यावर मी शेडला कुलूप लावले. त्याचा फोटो मशीनवर ठेवला व रोज हार घालू लागलो. खंडेनवमीस आम्ही सुतार हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी मी मशीनला हळदकुंकू लावले, तेल सोडले व त्यावरच नारळ फोडला. आमच्या हत्यारांना असेच करीत आलो आहोत. मी ते योग्य समजूनच केले. परंतु नारळाचे पाणी खालच्या पत्र्यावर साचून गंज चढला, आणि फळी ओढणारे रबराचे रूळ तेलाने बुळबुळीत झाले. पूनमने ते पाहिले. ती म्हणाली, "मामा, हे मशीन हाय, समाधी न्हाय. तुमी रोज हार घालताय, अन् ते आतनं गंजायलंय. त्यांनी बघितलं असतं तर तुमच्यावर लई वरडले असते."

मी म्हणालो, "आता ओरडायला तो आहे कुठे?"

ती म्हणाली, "म्हणून मी वरडतेय की."

मी चावी दिली नाही. पुढे मी एका लग्नास मंद्रूपला गेलो असता तिने कुलूप तोडले. परत येताना कोपऱ्यावरच मला मशीनचा आवाज ऐकू आला. फळी आत शिरताना आवाज जड होतो व बाहेर पडताना हलका होतो; तो मला पाठ आहे. मी शेडच्या भिंतीला टेकून बाहेरच उभा राहिलो. जोपर्यंत बाहेर होतो तोपर्यंत आत सिद्धनाथ होता. मला घाई नव्हती.

मग आत गेलो. फोटो भिंतीवर टांगलेला होता. पत्रा घासून लख्ख केलेला होता व त्यावर मेण चोळलेले होते. पूनम माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मामा, शिव्या नंतर द्या. आधी पलीकडचं टोक धरा, लई जड फळी हाय."

मी टोक धरले. त्या दिवसापासून शेड चालू आहे.

कलम ६. हे मशीन पुढे पूनमच्या हाताखाली कोणी शिकेल, त्याच्यासाठी पुढील सूचना लिहून ठेवतो. पूनमला त्यांची गरज नाही.

सोलापुरात मोडीत निघालेल्या हातमागांचे लाकूड पुष्कळ मिळते. लाकूड उत्तम असते, पण त्याच्या पोटात खिळे असतात. त्यावरून लोहचुंबक फिरवल्याशिवाय ते मशीनमध्ये घालू नये. एक खिळा सगळ्या पात्यांना दाते पाडतो व नंतरच्या प्रत्येक फळीवर रेघ उमटते. एका वेळी अर्ध्या सुताहून, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाहून, कमी लाकूड काढावे. लोभ केला तर मोटार गुदमरते. फळी आत जाताना व बाहेर येताना टोक खाली झुकू देऊ नये, नाहीतर टोकाशी खड्डा पडतो. आखूड तुकडा घालू नये. फळीच्या मागे उभे राहू नये, बाजूस उभे राहावे, कारण मशीन कधी कधी फळी उलट फेकते. कान झाकावेत. मी झाकले नाहीत, म्हणून आता मला दोनदा हाक मारावी लागते.

पाती बदलताना आधी वायर भिंतीतून काढावी, केवळ बटण बंद करून भागत नाही. सर्व पाती एकदम बदलावीत. रूळ कोरड्या फडक्याने पुसावेत, त्यांना तेल लावू नये. भुसा रोज काढावा. खंडेनवमीस फुले वाहावयाची असल्यास मशीनसमोर पाटावर वाहावीत.

कलम ७. शिवयोगीचे म्हणणे मी ऐकून घेतले आहे व ते येथे नोंदवतो, म्हणजे मी ऐकले नाही असे कोणी म्हणणार नाही. तो म्हणाला, "आण्णा, पूनमचा भाऊ अक्कलकोटास्नं स्थळ घेऊन आलाय, तुमाला म्हाईत हाय. ती आज हाय, उद्या न्हाय. सुतारांचं मशीन दुसऱ्याच्या घरात जायचं का? इकून टाका, शेड भाड्यानं देऊ."

स्थळ आले आहे हे खरे आहे. पूनमने नकार दिला हेही खरे आहे. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुमचं दुसरं टोक कोण धरणार, मामा?" त्या दिवशी मी जेवलो नाही.

वकिलांनी सुचवले होते की, पूनमने पुनर्विवाह केल्यास मशीनवरील व शेडवरील तिचा हक्क संपेल, असे एक वाक्य घालावे. तशी पद्धत आहे. ते वाक्य मी घातलेले नाही. सबब असे लिहून ठेवतो की, शेड, त्यातील सर्व लाकूड, व सिद्धनाथचे रंधा मशीन यांची मालक पूनम सिद्धनाथ सुतार ही राहील. तिने लग्न केले तरी राहील, नाव बदलले तरी राहील. हे मी तिला सून म्हणून देत नाही. या शेडमधील कारागीर म्हणून देत आहे. तिला मशीन येथे चालवावयाचे असेल तर येथे चालवावे. दुसऱ्या घरी न्यावयाचे असेल तर न्यावे. ते उचलता येते. उचलताना खालून धरावे, जाडी कमीजास्त करण्याच्या दांड्याला धरून उचलू नये. ते नेताना कोणी आडवे आल्यास तो माझ्या आज्ञेला आडवा आला, असे समजावे.

पूनमला माझे एवढेच सांगणे की, माझ्यासाठी थांबू नये. फोटोसाठीही थांबू नये. फोटो न्यावयाचा की ठेवावयाचा, ते तिने ठरवावे. ती माझ्या हयातीत गेली तरी मला तिच्यामागे शेडमध्ये एकट्याने बसता येईल. बसण्याची सवय मला आहे.

वाचनानंतर ही नोंद जोडतो. हे मृत्युपत्र साक्षीदारांसमोर वाचावयाचे म्हणून सर्वजण अंगणात जमलो. पूनम शेडमध्ये होती. शेजारच्या मालतीबाई तिला बोलवावयास गेल्या व परत येऊन म्हणाल्या, "फळी निम्म्यावर हाय म्हणतीय." फळी मध्येच थांबवली तर त्या जागी पात्यांची खूण राहते व ती नंतर निघत नाही. म्हणून मी वाचन थांबवले. शिवयोगीची कुर्डुवाडीची गाडी होती. तो उठला, घड्याळ पाहिले, शेडकडे पाहिले आणि पुन्हा बसला. फळी बाहेर पडेपर्यंत आम्ही थांबलो. नंतर पूनम येऊन भुशाने भरलेल्या पायांनी उंबऱ्याशी उभी राहिली व मी सर्व कलमे मोठ्याने वाचली. सातवे वाचताना मला मध्ये थांबावे लागले. उरलेले मालतीबाईंनी वाचले.

ठिकाण: शेळगी, सोलापूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार: मायाप्पा गुंडा सुतार (सही)

समक्ष हजर असलेले साक्षीदार:

१. मालती केशव देशमाने, निवृत्त शिक्षिका, शेजारी (सही). त्यांनी शुद्धलेखन तपासू का, असे विचारले होते. मी नको म्हणालो.

२. भिमा तुकाराम कोळेकर, धंदा शेळ्यामेंढ्या, मूळचे मंद्रूप (अंगठा).

३. शिवयोगी मायाप्पा सुतार, माझा थोरला मुलगा. यावर सही करणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते, तसे मी त्यास सर्वांसमोर सांगितले. त्याने केली आहे (सही).